मलक साहेबांचा पूल

पडलेला देश उभा करायचा तर तीन माणसं लागतात: उचलणारा, उचलण्याचा खर्च देणारा, आणि देश खरोखरच पडलेला आहे असं लिहून देणारा. ही तिन्ही कामं एकाने करू नयेत, असा मोठ्या राष्ट्रांचा अनुभव आहे. एकाने केली तर ती फार लवकर होतात.

म्हणून आमच्याकडे व्यवस्था अशी होती. पैसा परदेशी लष्कराचा, कारण पैसा लष्कराकडेच होता. काम मुलकी माणसांचं, कारण शिपायाने बांधलेला पूल लोकांना शिपायासारखाच वाटतो. मुलकी माणसाला सांभाळायचं लष्कराने, कारण लष्कर आल्यापासून मुलकी माणसाने एकट्याने हिंडणं धोक्याचं झालं होतं. तेव्हा लष्कर पैसे देई, ते घेऊन मुलकी माणूस लष्कराच्याच गाडीत बसे, आणि गाडी दरीत एक वळसा घालून छावणीत परत येई. या फेरीला स्थैर्य म्हणत. ज्याला ही कल्पना सुचली त्याच्या अकलेला माझा सलाम. माझ्या सासरीही चुलीवरचा हक्क सासूबाईंचा आणि धूर माझा अशीच वाटणी होती, आणि ते घर तीस वर्षं अगदी स्थिर होतं.

मला कुणाची निंदा करायची नाही. सोमवारी आणि गुरुवारी माझा रोजा असतो, त्या दिवशी तर नाहीच नाही. हे मी मंगळवारी लिहिते आहे.

आमचं सियाहबेद गाव तुंदाबच्या डाव्या काठावर आहे. सडक, बाजार आणि दवाखाना उजव्या काठावर. मध्ये चौदा पावलांचं पाणी. थंडीत ते गाढवाच्या पोटापर्यंत असतं, माणसं उतरून जातात. वसंतात, सौर महिन्यात, वरचं बर्फ सुटलं की दोन महिने ते कुणाच्याच पोटाचा विचार करत नाही. आदल्या सौरमध्ये आमच्या पुलाचे दोन ओंडके वाहून गेले, आणि त्यानंतर आठ दिवसांनी मुल्ला बहाउद्दीन यांची थोरली सून गेली. (ती वाहून गेली नाही. ती अडली होती, आणि काठावर बसून राहिली.)

या खेपेला सौरच्या मध्यावर शकीबा बाळंत होणार होती. शकीबा ही आमच्या दाईची, गुलअंदामखालाची सून. पहिल्या खेपेला तिचं मूल आडवं आलं होतं आणि गेलं होतं. साऱ्या दरीची पोरं ज्या हातांवर आली, ते हात खालाने या वेळी आधीच वर केले. म्हणाली, "ही मी घरात करणार नाही. हिला डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरच न्यायची." तिने बाळंतिणीच्या काचीसाठी, म्हणजे कणकेच्या शिऱ्यासाठी, साजूक तुपाचा डबा भरून ठेवला आणि त्याचं झाकण कणकेने लिंपून टाकलं, म्हणजे घरातलं कुणी बोट घालणार नाही. शकीबाला आधीच पलीकडे नेऊन ठेवावं, तर दवाखान्यात खाटा दोन. एकीवर डॉक्टरीणबाई झोपत, दुसरीवर स्थैर्याच्या माहितीपत्रकांचे गठ्ठे.

अशा वेळी, थंडीच्या तोंडावर, अक्रब महिन्यात, अल्लाच्या मेहरबानीने पत्र आलं.

पत्र वाचायला सगळे मशिदीत जमले. आम्ही बायका मागच्या खिडकीशी होतो. गावात लिहिणं-वाचणं मिर्झा यारमुहम्मद करतात, आणि मुलींच्या शाळेत मुअल्लिमा, म्हणजे शिक्षिका, आहे म्हणून थोडं मी. मिर्झांनी चश्मा पुसला आणि वाचलं: तुंदाबवर पूल होईल, निधी लष्करी असेल, आणि काम मुलकी नेतृत्वाखाली चालेल. मंजुरी येईपर्यंत त्या जागी कुणी फावडं लावू नये, नाहीतर प्रकल्प रद्द होईल.

आता आमच्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. वाचणाऱ्याने ते पदरचे घालायचे असतात, आणि ज्याच्या पदरात जे असेल ते तो घालतो. पत्रात होतं म, ल, क आणि ई. मिर्झा छावणीत सहा महिने कारकुनी करून आलेले, त्यांनी वाचलं 'मुलकी'. मलिक जुमाखान हे गावचे प्रमुख. त्यांनी कागद ओढून घेतला.

"मुलकी कुठलं, मिर्झा? स्वच्छ 'मलिकी' लिहिलंय. मलिकाच्या नेतृत्वाखाली. म्हणजे माझ्या."

"मलिक साहेब, तुम्हाला वाचता येत नाही."

"माझं नाव मला येतं."

मुल्ला बहाउद्दीन इतका वेळ तस्बीहचे मणी ओढत होते. त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांना लावला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मलकी. मलक म्हणजे फरिश्ता. काम फरिश्त्यांच्या नेतृत्वाखाली होणार आहे."

"लष्कराच्या पैशाने?" मिर्झांनी विचारलं.

"त्याला काय. आजवर माणसांच्या नेतृत्वाखाली झालेलं तू कुठलं काम पाहिलंस?"

मिर्झांनी चश्मा पुन्हा पुसला.

पत्रासोबत तक्ता होता. पहिला रकाना: प्रकल्पप्रमुखाचं नाव. मलिक म्हणाले, माझं लिहा. ज्या कामावर मलिकाचं नाव, त्यावर मुल्लांच्या पाड्यातला माणूस येत नाही. आणि जी हाक मुल्ला देतात ती मलिकाच्या पाड्यात ऐकू जात नाही. (अंतर एकशेवीस पावलं आहे.) गेली अकरा वर्षं गावात एकही सामाईक काम याच कारणाने झालेलं नव्हतं. मुल्लांचं म्हणणं, पावसापाण्याचं खातं हजरत मीकाईल या फरिश्त्याकडे असतं, हे शाळेतल्या मुलींनाही पाठ आहे. पण छावणीच्या फाटकावर प्रत्येक कागद कुत्रा हुंगतो; तिथे ते नाव पाठवणं बरं दिसलं नसतं. शेवटी मिर्झांनी तोडगा काढला. त्यांनी नुसतं लिहिलं: म, ल, क. मलिकांनी ते मलिक वाचलं, मुल्लांनी मलक वाचलं, आणि दोघांनीही मिर्झांच्या अक्षराचं कौतुक केलं.

दुसरा रकाना: कामाची पद्धत. तिथे मिर्झांनी लिहिलं 'हशर'. हशर म्हणजे सगळ्या गावाने एक दिवस बिनमजुरीने राबायचं आणि संध्याकाळी एका कढईतला शोर्वा खायचा. कालवे असेच साफ होतात, छपरं अशीच चढतात. तिसरा रकाना: काम पूर्ण होण्याची तारीख. हशर एका दिवसाचीच असते, म्हणून मिर्झांनी लिहिलं, 'हशरच्या दिवशी'.

तक्ता छावणीत गेला. तिथे तो फरीदूनच्या हाती पडला. फरीदून हा तिथला दुभाषा. आमचाच मुलगा, पण चौथ्या वर्षापासून परदेशात वाढलेला. धर्माचे धडे त्याला आईने नीट दिले होते, पण हातात फावडं कुणी दिलं नव्हतं. त्यामुळे हशर त्याला ठाऊक नव्हती. त्याला त्याच अक्षरांचा दुसरा शब्द ठाऊक होता, हश्र. म्हणजे कयामत; जेव्हा सगळे मुर्दे उठून एका मैदानात जमतील तो दिवस.

त्याने भाषांतर केलं: प्रकल्पप्रमुख श्री. मलक. काम कयामतच्या मार्गाने होईल. कयामतच्या दिवशी पूर्ण होईल.

हे सगळं मला पुढे फरीदूननेच सांगितलं, त्यामुळे ते खरं आहे. त्याने ते भाषांतर हॉलिस साहेबांपुढे ठेवलं. हॉलिस साहेब हे आमच्या दरीचे मुलकी सल्लागार. स्वतःच्या देशात ते एका तळ्याकाठच्या गावात गाड्या कुठे उभ्या कराव्यात याचं नियोजन करत. फार भला माणूस. त्यांच्या शेजारी कॅप्टन बसले होते, ज्यांच्या निधीतून पूल व्हायचा होता.

"कयामत," कॅप्टन म्हणाले. "म्हणजे कुठल्या आर्थिक वर्षात?"

"ते नक्की सांगता येत नाही, सर. अल्लाला ठाऊक."

"पण याच निधीच्या मुदतीत?"

हॉलिस साहेबांनी तक्ता दोनदा वाचला. "मला हे आवडलं," ते म्हणाले. "बाकीचे सगळे सहा महिने लिहितात. हा निदान प्रामाणिक माणूस आहे." आणि त्यांनी शेरा मारला: तारीख स्थानिक अधिकाऱ्यास ज्ञात, योग्य वेळी कळवली जाईल.

त्या दिवसापासून श्री. मलक दप्तरात आले, आणि मला सांगायला अभिमान वाटतो की त्यांच्याइतका चांगला प्रकल्पप्रमुख त्या छावणीला कधी मिळाला नव्हता. त्यांच्या आधी दरीत सात स्थानिक नेते नेमले गेले होते. दोघे पळाले, तिघांना एकमेकांच्या तक्रारींवरून काढावं लागलं, एक समोरच्या बाजूला गेला आणि एक दुबईला. मलक साहेबांची एक तक्रार नाही. ते गाडी मागत नाहीत, भाच्याला नोकरी मागत नाहीत, आणि तीन महिन्यांत त्यांच्यावर एकही हल्ला झाला नाही. त्यांना ओळखपत्र मिळालं (छायाचित्राची जागा कोरी; 'स्थानिक चालीरीतींचा मान राखून'). गोळी अडवणारं जाकीट मिळालं. ते मिर्झांच्या खुंटीला आहे, थंडीत चांगली ऊब देतं म्हणतात. नेतृत्वविकासाच्या तीन दिवसांच्या शिबिरातही त्यांची हजेरी पूर्ण भरली: जेवणाला मलिक गेले, भाषणांना मुल्ला आणि सहीला मिर्झा. प्रशिक्षकांनी लिहिलं, 'वेगवेगळ्या भूमिका सहज वठवतात.'

दर बुधवारच्या बैठकीत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवत आणि हिरव्या चहाचा पेला भरत. चहा तसाच राहतो हे पाहून छावणीत त्यांचा दरारा वाढला. मुल्लांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "फरिश्ते खातपीत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं नाही का?" मलिक म्हणाले, "मला चहाला बोलावत नाहीत, हे त्यांना कुणी सांगा."

फक्त पुलाचं काही होईना. कारण अडचण साधी होती. पुलाची गरज आहे की नाही, हे हॉलिस साहेबांनी डाव्या काठावर येऊन पाहायचं होतं. डाव्या काठावर यायचं ते लष्कराच्या गाडीतूनच. गाडी चौदा टनांची. ती आणायला पूल हवा. गाडीतून उतरून चालत यावं, तर चारही बाजू सुरक्षित असल्याशिवाय उतरायचं नाही, असा नियम. आणि आमच्या दरीला चार बाजू नाहीत, दोनच आहेत, वर आणि खाली. म्हणून हॉलिस साहेब उजव्या काठावर गाडीत बसून दुर्बिणीतून गरज पाहत. गरज डाव्या काठावर उभी असे, पांढरी चादर ओढून, कमरेवर हात ठेवून. तिचं नाव गुलअंदाम. अहवालात ती 'पांढऱ्या वस्त्रातील श्री. मलक, कामावर देखरेख करताना' अशी आली आहे.

थंडी सरताना, हूत महिन्यात, स्त्रियांच्या मतांची पाहणी झाली. पत्रकं गाढवावरून आली, भरून मी घेतली. प्रश्न: तुम्हाला किती स्थिर वाटतं? एक ते पाच. गुलअंदामखाला म्हणाली, "कुठे उभी राहू ते सांग, मुअल्लिमा. काठावर वाटतं. पाण्यात उतरले की नाही."

मी तीन लिहिलं.

"आणि शकीबाचं काय लिहितेस?"

"तिच्यासाठी प्रश्न नाही, खाला."

"पोट नाही दिसत त्यांना दुर्बिणीतून?"

"दिसतं. पण ते लोकसंख्येत येतं, स्थैर्यात नाही."

खालाने चादर सावरली. मग म्हणाली, "तू रोजे धरतेस म्हणून तुला काही बोलत नाही." ती बोटं मोजत निघून गेली. सौरला चाळीस दिवस राहिले होते आणि मूल पुन्हा आडवं झालं होतं.

सौरच्या आधीच्या हमल महिन्यात, नऊ तारखेला, दुसरं पत्र आलं. दोनच ओळी: श्री. मलक यांनी सुचवलेली कामाची पद्धत व तारीख मान्य करण्यात येत आहे.

मिर्झांनी ते छपरावर उभं राहून वाचलं. "हशर मंजूर झाली," ते म्हणाले.

"कुणाच्या हाकेवर?" मलिकाच्या पाड्यातून कुणीतरी विचारलं.

"इथे मलकच्या लिहिलंय."

मलिकांनी मान डोलावली. मुल्लांनी डोळे मिटले. अकरा वर्षांत प्रथमच, हाक कुणाची आहे हे दोघांनाही मान्य होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे फज्रच्या नमाजानंतर त्रेचाळीस माणसं काठावर जमली. नऊ सफेदार झाडं तोडली, त्यांतली दोन मलिकांची आणि दोन मशिदीची. पहिल्या ओंडक्याचं जाड टोक मलिकांच्या खांद्यावर होतं आणि बारीक टोक मुल्लांच्या. कुणाकडे कुठलं यावरून एक अक्षर निघालं नाही. पाणी चढू लागलं होतं. आम्ही कढई चढवली.

साडेदहाच्या सुमाराला विमानाचा आवाज आला. ते दिसत नाही, नुसतं कुरकुरतं, आणि ते कुरकुरणं एका जागी थांबलं की काय होतं हे वरच्या दरीतल्या लोकांना विचारावं. ते आमच्या डोक्यावर थांबलं. खाली त्रेचाळीस पुरुष, हातात कुदळी, नदीकाठी खड्डे खणत होते. सगळे जागच्या जागी गोठले. माझ्या तोंडी जे कलमे आले ते मी म्हटले. गुलअंदामखाला तेवढी ओरडली, "वर काय बघताय? हात सोडलात तर ओंडका जाईल. धरा."

त्यांनी धरलं.

तिकडे छावणीत काय झालं, हेही फरीदूननेच सांगितलं. पडद्यावर आम्ही मुंग्यांएवढे दिसत होतो. कॅप्टनांनी विचारलं, "ही कुणाची माणसं?"

फरीदूनने जागा पाहिली, तक्ता पाहिला. "मलक साहेबांची, सर. त्यांचीच जागा आहे. मला वाटतं कयामत सुरू झाली."

"आज?"

"मंजुरी परवाच गेली आहे, सर."

कॅप्टनांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "माझ्या अख्ख्या नोकरीत," ते म्हणाले, "वेळेआधी सुरू झालेलं हे पहिलं काम." आणि त्यांनी विमान माघारी बोलावलं.

आम्हाला एवढंच कळलं की कुरकुर थांबली. मुल्ला बहाउद्दीन यांनी 'मुलकी'चं 'मलकी' वाचलं ते व्याकरण कच्चं म्हणून, असं मी पूर्वी म्हणत असे. त्या दिवसापासून म्हणत नाही.

दुपार उतरून अस्रच्या नमाजाची वेळ होईपर्यंत पूल झाला. वर फांद्या, फांद्यांवर माती, आणि मातीवर पहिल्यांदा शकीबाचंच गाढव नेऊन पाहिलं.

यामुळे छावणीत मोठा पेच उभा राहिला, आणि तो त्यांनी किती संयमाने सोडवला हे सांगितलंच पाहिजे. पूल झाला असं लिहिलं तर निधी परत करावा लागणार. निधी परत गेला तर पुढच्या वर्षी कमी मिळणार. शिवाय दप्तरी तो कयामतच्या दिवशी पूर्ण व्हायचा होता, आणि कयामत झाली नव्हती, हे कॅप्टनांनी दोन ठिकाणांहून तपासून घेतलं. तेव्हा उभा असलेला पूल 'पुलाच्या गरजेचे स्थानिक प्रात्यक्षिक' म्हणून नोंदवण्यात आला. खरा पूल अजून व्हायचा आहे. मलक साहेबांना मुदतवाढ मिळाली आहे, शेजारच्या चार दऱ्यांचा जादा कारभारही मिळाला आहे, आणि तिथेही त्यांच्याविषयी सगळे चांगलंच बोलतात.

मग सौरनंतरच्या जौज़ा महिन्यात हॉलिस साहेब शेवटच्या पाहणीला आले. पूल माणसांचा, गाडी चौदा टनांची, त्यामुळे ते उजव्या काठावरच थांबले. पूल किती निकडीचा आहे हे सांगायला मी आणि मिर्झा पुलावरून पलीकडे गेलो. साहेबांनी गाडीच्या काचेतून सत्तावन्न प्रश्न विचारले. पूल कुणी बांधला? पर्याय तीन: लष्कर, मुलकी यंत्रणा, श्री. मलक. 'गावकरी' हा पर्याय नव्हता. मिर्झा म्हणाले, बरंच आहे, नाहीतर कुठल्या पाड्याचे ते सांगावं लागलं असतं. साहेबांनी जाताना छातीवर हात ठेवला. मी म्हटलं ना, भला माणूस.

अहवालाचा शेवटचा रकाना अप्रत्यक्ष लाभार्थ्यांचा आहे. त्याची व्याख्या अशी: ज्याच्या कानावर पूल गेला, ज्याला तो ओलांडायचा नाही, आणि ज्याने काही विचारलं नाही. असे निदान तीनशे तरी हवेत, म्हणजे पुढचा निधी सुटतो. सियाहबेदमध्ये असा माणूस मिळेना. इथे सगळ्यांना पलीकडे जायचं असतं आणि सगळे विचारतात. म्हणून मिर्झांनी मला ही हकिगत लिहून बाहेर पाठवायला सांगितलं.

आपण ती इथवर वाचलीत. अधूनमधून हसलात, तेही चालतं, समाधानाच्या रकान्यात घेता येतं. पूल झाल्यावर मी निधीचं सांगू लागले, मुदतवाढीचं सांगितलं, सत्तावन्न प्रश्नांचं सांगितलं, आणि शकीबाचं पुढे काय झालं हे आपण एकदाही विचारलं नाहीत. तिन्ही अटी पूर्ण झाल्या. तीनशे बारावा क्रमांक आपला आहे.

(मुलगी झाली. टेबलावर झाली, दोघी सुखरूप आहेत. डब्यातलं तूप काचीला पुरून उरलं.)

सही खाली उजव्या कोपऱ्यात करायची. नाव मात्र सुवाच्य लिहावं. आमच्याकडे स्वर गळतात.